मगरिबचा सव्वा तास

अजान झाली की नमाजाची वेळ सुरू होते. ड्युटीचा तक्ता लावणाऱ्यांना मात्र बहुधा वाटतं, की अजान ऐकताक्षणी उठून गेलं नाही तर नमाज हुकली. मशिदीतली जमात ठरल्या मिनिटाला उभी राहते हे खरं. पण एकट्याने पढायच्या नमाजाला सुरुवात असते, शेवट असतो आणि मधे भरपूर जागा असते. वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासारख्या चोवीस तास जाग्या असणाऱ्या ठिकाणी ही जागा नेमकी किती, ते पाहायला हवं. ज्यांचं नाव या रुग्णालयाला आहे त्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचं सार काढलं होतं.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. वर्धा त्याच्या जवळपास चार अंश पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य सरासरी सव्वाबाराला माथ्यावर येतो. तो ढळला की जोहर लागते आणि हनफी पंथाच्या हिशोबाने ऐन हिवाळ्यातही चारपर्यंत टिकते. आठ ते दोन ड्युटी करणारी सिस्टर घरी जाऊन निवांत पढू शकते. तिला कुणाकडे काही मागावंच लागत नाही.

दोन ते आठच्या ड्युटीत मात्र गाठ मगरिबशी. सूर्य मावळल्यापासून संधिप्रकाश संपेपर्यंत, साधारण सव्वा तास, एवढाच तिचा अवधी. डिसेंबरच्या सुरुवातीला वर्ध्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिब अख्खी ड्युटीत जाते. जूनअखेरीस तो सातला मावळतो; तेव्हा आठला सुटल्यावरही थोडा वेळ उरतो, हँडओव्हर लांबलं नाही तर. काम तेच, वॉर्ड तोच. अडचण डिसेंबरात जास्त, जूनमध्ये कमी. रात्रपाळीत हीच ओढाताण पहाटेच्या फजरची.

मागणी किती असते? मगरिबच्या फर्ज रकाती तीन, म्हणजे चार-पाच मिनिटं. स्वच्छ कोपरा, पश्चिमेकडे थोडं उत्तरेला तोंड. खरा खोळंबा करणारी गोष्ट म्हणजे नमाजाआधीचं धुणं, वुजू: चेहरा, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून आणि शेवटी पाय. वॉर्डातल्या बेसिनमध्ये पाय धुणं अवघडच. घरून वुजू करून चामडी मोजे चढवले असतील तर दिवसभर त्यांच्यावरून ओला हात फिरवणं पुरतं. ही सवलत फार जुनी आहे, आणि कामावरच्या माणसाच्या फार उपयोगाची.

शुक्रवारच्या जुम्याचं वेगळं. ती जमातीशिवाय होत नाही, आणि सकाळच्या पाळीला सोडवणारी दुपारची ड्युटी लागते ती दोनला, जमात उरकल्यावर. तिथे सहकाऱ्याशी पाळी बदलण्याखेरीज इलाज नाही. दिवाळीची ड्युटी घेऊन शुक्रवारची दुपार मोकळी मागणं हा मला अगदी सरळ व्यवहार वाटतो.

आणि पेशंटच हातात असेल तर? हनफी फिक्हच्या ग्रंथांनी हा प्रश्न रुग्णालयांच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला आहे. त्यांतलं उदाहरण सुईणीचं आहे: बाळाच्या जिवाला धोका वाटत असेल तर तिने नमाज पुढे ढकलावी. वेळ उलटून गेली तरी चालेल. बाळंतीण सुटली, की तीच नमाज कजा म्हणून पढावी.