पुन्हा टाकायचा चेंडू

आमच्या घरामागच्या मैदानात पोरं रोज संध्याकाळी टेनिस बॉलने खेळतात. भांडणं होतात ती बहुतेक नोबॉलवरून. रेघ विटेच्या तुकड्याने ओढलेली, दहा मिनिटांत पुसट होणारी. अंपायर बॅटिंगवाल्या टीममधलाच कुणीतरी. पण एक नियम सगळ्यांना पाठ असतो आणि त्यावर कधी वाद होत नाही. नोबॉल ठरला की समोरच्यांना एक धाव द्यायची, आणि तो चेंडू पुन्हा टाकायचा.

काल त्यांचा गलका ऐकताना मला १८ जून २०१७ चा रविवार आठवला. लंडनचं ओव्हल मैदान, चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-पाकिस्तान अंतिम लढत. फखर झमान तीन धावांवर असताना बुमराच्या चेंडूवर धोनीने त्याचा झेल घेतला, आणि तो नोबॉल निघाला. फखरने पुढे ११४ धावा केल्या. त्या पुढे पडलेल्या पायाची हळहळ अजून ऐकू येते. भारतापुढे ३३९ धावांचं लक्ष्य होतं. डावखुरा मोहम्मद आमिर चेंडू घेऊन आला आणि पहिल्याच षटकात रोहित शर्मा शून्यावर पायचीत झाला. मग कोहलीचा झेल स्लिपमध्ये अझहर अलीच्या हातून सुटला, पण पुढच्याच चेंडूवर कोहली पॉइंटला झेल देऊन परतला. पाठोपाठ धवनही गेला. आमिरने सहा षटकांत १६ धावा देऊन तीन बळी घेतले. सामना तिथेच हातातून निसटला.

घरात सगळे गप्प होते. वडील म्हणाले, “अरे, हा तर जेलमध्ये जाऊन आलेला पोरगा. ह्याला पुन्हा खेळू कसं दिलं?”

मी लगेच मान डोलावली. पण रात्री झोप येईना तेव्हा माझं मलाच कळलं, की कोहलीने शतक ठोकलं असतं आणि आमिरला सत्तर-ऐंशी धावा पडल्या असत्या, तर हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नसता. तो आमच्या संघातला असता, तर कदाचित आम्हीच त्याची बाजू मांडली असती. न्यायाचा प्रश्न आम्ही धावफलक बघून विचारत होतो. त्या रात्रीपासून हा प्रश्न धावफलक बाजूला ठेवून स्वतःला विचारायचा प्रयत्न करतो आहे. गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा भोगलेल्या खेळाडूला मैदानात परत येऊ द्यावं का?

आमिरची गोष्ट त्याच लंडनमधली, ऑगस्ट २०१० ची. लॉर्ड्सवर कसोटी चालू होती. पाकिस्तानात त्या महिन्यात महापूर होता, देशाचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा वेळी लोक क्रिकेटमध्ये चार घटकांचा दिलासा शोधत होते. आणि कर्णधार सलमान बटच्या संगनमताने आसिफ आणि १८ वर्षांचा आमिर यांनी पैशांच्या सौद्यात ठरवून नोबॉल टाकले. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’च्या वेषांतर केलेल्या वार्ताहराने त्यांच्या दलालाला दीड लाख पौंड दिले होते आणि कोणता चेंडू नोबॉल पडणार हे आधीच काढून घेतलं होतं. आमिरचा पाय रेघेच्या इतका पुढे होता की बघणारे चक्रावले. त्याच डावात त्याने सहा बळी घेतले. त्याच डावात ट्रॉट आणि ब्रॉड यांनी आठव्या गड्यासाठी ३३२ धावांची विक्रमी भागीदारी केली. पण त्या कसोटीचं नाव काढलं की लोकांना ते बळीही आठवत नाहीत आणि ती भागीदारीही आठवत नाही. आठवतात फक्त नोबॉल. बुमराचाही पाय पुढे पडला होता आणि आमिरचाही. पण एक पाय चुकला होता, दुसरा विकला गेला होता.

आयसीसीने तिघांवर बंदी घातली. आमिरवर पाच वर्षांची. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिघांनाही तुरुंगात पाठवलं. बट आणि आसिफ यांनी आरोप नाकारून खटला लढवला. आमिरने गुन्हा कबूल केला, त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. २०१५ मध्ये त्याला आधी स्थानिक सामन्यांत खेळायची परवानगी मिळाली. त्या वर्षअखेरीस लाहोरच्या सराव शिबिरात त्याला बोलावलं, तेव्हा मोहम्मद हफीज आणि अझहर अली यांनी त्याच्यासोबत सराव करायला नकार दिला. एकदिवसीय संघाचा कर्णधार असलेल्या अझहर अलीने राजीनामाही देऊ केला होता. तोच अझहर अली दीड वर्षाने ओव्हलवर आमिरच्या गोलंदाजीवर स्लिपमध्ये उभा होता. त्या सामन्यातलं मला आज सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. कोहलीचा तो झेल सुटला हे आठवतं, पण त्याहून जास्त, तो माणूस तिथे उभा होता हे आठवतं. त्याने आमिरला मनापासून माफ केलं असेल की नाही, हे आपल्याला दिसत नाही. पण ज्याच्या शेजारी उभं राहायचंही त्याला नको होतं, त्याच्या चेंडूवर तो झेल घ्यायला वाकला होता.

अझहर अलीला राग धरायचा हक्क होता, म्हणून तो सोडायचाही हक्क होता. आमिरने ज्यांचा विश्वास मोडला ते सोबतचे खेळाडू, प्रतिस्पर्धी, प्रेक्षक, म्हणजे तो खेळच. ज्याचं नुकसान झालं त्यानेच ठरवायचं, परत घ्यायचं की नाही. खेळाचा गुन्हा खेळ माफ करू शकतो. आमिरने कबुली दिली, तुरुंग भोगला, पाच वर्षं घालवली आणि खालच्या पायरीपासून सुरुवात केली. जुलै २०१६ मध्ये त्याची पुनरागमनाची कसोटी झाली तीही लॉर्ड्सवरच. शेवटचा बळी त्यानेच घेतला आणि पाकिस्तान ७५ धावांनी जिंकला. मला वाटतं, त्याला परत घेतलं ते योग्यच झालं. हे मी ओव्हलचा पराभव मनात ठेवूनच म्हणतो.

पण सगळेच गुन्हे खेळाविरुद्धचे नसतात.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयफेल टॉवरच्या पायथ्याशी वाळूवर व्हॉलीबॉलचे सामने झाले. नेदरलँड्सच्या जोडीत स्टीव्हन व्हान डे व्हेल्डे होता. २०१४ मध्ये, स्वतः १९ वर्षांचा असताना, त्याने इंग्लंडला जाऊन १२ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला होता. २०१६ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. देशासाठी खेळण्याचं तुझं स्वप्न आता संपलं, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी त्याला ऐकवलंही होतं. पुढे त्याला मायदेशी पाठवलं गेलं, तिथल्या कायद्यानुसार शिक्षा कमी झाली. एकूण १३ महिन्यांनी तो सुटला आणि २०१७ मध्येच पुन्हा खेळू लागला. पॅरिसमध्ये प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीने त्याला क्रीडाग्रामाबाहेर ठेवलं, पत्रकारांपासून दूर ठेवलं, पण संघात ठेवलं.

त्याच्या बाजूने जे बोलले त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. कायद्याने दिलेली शिक्षा त्याने भोगली. शिक्षा संपल्यावरही ती चालूच ठेवायची, तर न्यायालयं कशाला हवीत? माणूस बदलतो यावर विश्वास नसेल तर तुरुंग हे नुसतं कोंडून ठेवायचं ठिकाण उरतं.

हे सगळं मला पटतं. तरी पॅरिसची ती निवड मला मान्य होत नाही. कारण इथे नुकसान व्हॉलीबॉलचं झालं नव्हतं, एका मुलीचं झालं होतं. तिच्या वतीने माफ करायचा हक्क नेदरलँड्सच्या संघटनेला नाही, ऑलिंपिकला नाही, प्रेक्षकांना नाही आणि मलाही नाही. क्षमा ज्याची त्यानेच करायची असते. दुसऱ्याच्या वाट्याची क्षमा आपण परस्पर वाटून टाकली, तर ती उदारपणा ठरत नाही. ती मुलगी आता तरुण बाई झाली असेल. त्या दिवसांत टीव्ही लावताना तिच्या मनाचं काय झालं असेल, हा विचार निवड करणाऱ्यांच्या टेबलावर सगळ्यात आधी यायला हवा होता.

इथे मला काम आणि मान यांत फरक करावासा वाटतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळालंच पाहिजे. आपल्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंध संस्थानच्या काळात ती सुरू झाली. शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीआड न ठेवता शेती करू द्यायची, बायकामुलांसोबत राहू द्यायचं, विश्वास टाकून बघायचं, असा तो प्रयोग. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची मूळ प्रेरणा तीच, आणि तो लिहिला त्याच मुलखातल्या गदिमांनी. खुनाची शिक्षा झालेल्या माणसांच्या हातात तिथे नांगर दिला गेला. मला ही आपल्या मातीतली फार मोठी गोष्ट वाटते. पण त्यांना दिलं ते काम होतं. त्यांना हारतुरे घालून मिरवलं नव्हतं. कामातून माणूस हळूहळू उभा राहतो. देशाची जर्सी मात्र नुसतं काम नसते. ती घालणाऱ्याकडे बोट दाखवून आपण मुलांना म्हणतो, असं व्हा. ती मिळणं हा हक्क नसतो, तो मान असतो, आणि मान न दिल्याने कुणाची शिक्षा वाढत नाही. व्हान डे व्हेल्डेला पोट भरायचा, संसार करायचा, खेळायचाही हक्क आहे. देशाच्या नावाने टाळ्या घेण्याचा हक्क त्याला नाही.

आणि आपल्याला खरंच दया दाखवायची असेल, तर ती ज्याच्याकडे डावखुरा स्विंग नाही त्यालाही दाखवावी लागेल. शिक्षा भोगून आलेला ड्रायव्हर, गवंडी, वॉचमन काम मागायला येतो तेव्हा पोलिसांच्या दाखल्यावरची एक ओळ बघून आपण दार लावून घेतो. त्याच्यासाठी कुणी वाद घालत नाही. खेळाडूला दुसरी संधी द्यावी असं ज्याला वाटतं, त्याने आधी आपल्या दाराशी आलेल्या माणसाकडे बघावं. मी स्वतःलाही हे सांगतो आहे.

अंधार पडायला लागला होता तेव्हा खालून पुन्हा ओरडा झाला, “नोबॉल!” या वेळी गोलंदाज भांडला नाही. बॅटिंगवाल्यांनी आपल्या खात्यात एक धाव मोजली. पोराने चेंडू शर्टाला पुसला, मागे जाऊन रेघ नीट बघितली, पायाने तिची माती सारखी केली आणि पुन्हा धावत आला.

चेंडू पुन्हा टाकायला मिळतो, ही खेळाची माया आहे. पण ती एक धाव वहीत तशीच राहते, गोलंदाजाच्याच नावावर. पुढे त्याने कितीही बळी घेतले तरी ती कुणी खोडत नाही.