पाहावे, पण हात आवरून

थंडी पडली की दिल्लीच्या यमुना बाजार घाटावरून पहाटे होड्या निघतात. नावाडी ‘आओ, आओ’ अशी हाळी देतो, प्रवासी शेवेची मूठ उधळतात आणि कुरव पक्ष्यांचे थवे होडीभोवती झेपावतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवर वेफर्स फेकताना आपणही हा आनंद घेतलेला असतो.

गोग्रास काढणाऱ्या, मुंग्यांना साखर घालणाऱ्या घरांत आपण वाढलो. समोर आलेल्या जिवाला घास द्यावा, हा संस्कार मोलाचाच आहे. पण त्या जिवाला आपला घास मानवतो का, हे पाहणेही त्याच संस्कारात येते. यातले कितीतरी कुरव लडाख-तिबेटची सरोवरे सोडून, हिमालय ओलांडून येतात. मासे, किडे, पाण्याकाठचे बारीक जीव खाऊन त्यांनी ही मजल मारलेली असते. त्यांच्या पोटात आपण मीठ, तेल आणि मसाला घालतो, तोही बहुतेकदा एका फोटोसाठी. रिकामी पाकिटे पडतात यमुनेत. दिल्लीतला वझिराबाद ते ओखला हा पट्टा तिच्या लांबीच्या २ टक्क्यांहूनही कमी आहे, आणि ती सर्वाधिक मळते ती इथेच.

प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर क्रूझने येणाऱ्यांना वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यांपासून किमान २ मीटर दूर राहायचे, काहीही खाऊ घालायचे नाही. तिथले पक्षी माणसाला भीत नाहीत. त्या निर्भयपणाचा गैरफायदा कुणी घेऊ नये म्हणून ही शिस्त.

ती शिकायला दूर जायला नको. याच यमुनेवर, दिल्ली-नोएडाच्या सीमेवर, ओखला पक्षी अभयारण्य आहे. १९९० मध्ये घोषित झालेले, सुमारे ४ चौरस किलोमीटरचे. तिथे पक्षी हाळीला येत नाहीत. दुर्बीण घेऊन काठावर थांबावे लागते. मग पाणकणसांच्या आडून बदके बाहेर येतात, डुबकी मारतात, आपले अन्न आपण शोधतात. त्यांचे खरे जगणे तेव्हाच दिसते.

या हिवाळ्यात होडीत जरूर बसा, कुरव डोळे भरून पाहा. शेवेचे पाकीट मात्र घेऊ नका. ते पैसे नावाड्याला भाड्यावर जास्तीचे द्या. त्याला त्यांची गरज आहे. पक्षी आपले पोट भरायला समर्थ आहेत.