तळाची जागा

हेडफोन काढून बाजूला ठेवा. प्रोजेक्ट उघडाच राहू द्या, पण माउसला हात लावू नका. आज आपण बेसचा विचार करणार आहोत, सावकाश, एकेक पायरी खाली उतरत.

अलिबागपासून मुरुड-श्रीवर्धनपर्यंतच्या या किनाऱ्यावर बेस म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हळदीच्या रात्री मांडवाबाहेर सबवूफर रचले जातात, कोळीगीताचं नवं रिमिक्स लागतं आणि पहिल्या ठोक्याला छाती हलते. तो दणका आपल्या ट्रॅकमध्येही यावा असं वाटणं ही निरोगी इच्छा आहे. तिच्यापाशी जरा थांबा. तिला विचारा: तुला मोठा आवाज हवाय, की भरलेला? उत्तर आत्ताच द्यायचं नाही. प्रश्न सोबत घेऊन पुढे चला.

•

आता नुसतं ऐका. समुद्र जवळ असेल तर पुळणीवर जा, नसेल तर ऐकलेला समुद्र आठवा. लाट फुटते तेव्हा वर फेसाची सळसळ असते आणि तिच्याखाली एक धप्प असा भार. दोन्ही आवाज एकाच लाटेचे. पुळण सोडून सुरूच्या बनातून आत वाडीकडे या. सळसळ हवेत आणि झाडांत विरत जाते, घुमणं तेवढं पोचतं. खालचा आवाज लांब जातो, भिंतीतून जातो, बंद दारातूनही जातो. तुमच्या हातात जे आहे ते अशा जातीचं आहे. शेजारच्या घरातल्या आजारी माणसाला गाणं ऐकू जाणार नाही, तुमचा बेस मात्र जाईल. हे मनात असू द्या.

•

आता आपल्या कानाकडे वळा. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. हळू आवाजात हा फरक फार मोठा असतो. १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा ५० हर्ट्झचा स्वर वाटायला त्याला पस्तीस-चाळीस डेसिबल जास्त द्यावे लागतात. आवाज वाढवला की बेस आपोआप फुलतो, तो यामुळे. म्हणजे रात्री मोठ्या आवाजात जो बेस भरदार वाटला, त्यातला काही भाग तुमच्या कानाने घातलेला होता. म्हणून रोज एकाच, मध्यम आवाजात काम करा. तिथे भार जाणवला, तर तो ट्रॅकमध्ये आहे.

•

उठा. आता खोलीत चालायचं आहे. ५० हर्ट्झच्या एका ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते, तुमच्या खोलीहून मोठी. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. सिंथवर तेवढाच एक साधा साइन स्वर लावा, हळूच. एका भिंतीपाशी उभे राहा. मग मध्याकडे एकेक पाऊल टाका. स्वर खचत जाईल. मध्यावर पोचल्यावर तो जवळजवळ नाहीसा झालेला असेल. आणखी पुढे गेलात की समोरच्या भिंतीपाशी परत उभा राहील.

हे दोनदा करा. स्वर तोच, आवाज तेवढाच, जागा मात्र निराळी. इतके दिवस बसत होता ती खुर्ची कुठे आहे, ते आता बघा. आणि हेही ध्यानात घ्या की तुमचा ट्रॅक वाजणार आहे उघड्या मैदानात, जिथे बेसला उचलून धरायला एकही भिंत नसेल. खोलीने दिलेला भार खोलीतच राहतो.

•

बसा. श्वास सावकाश होऊ द्या.

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक बदल टिपण्याचं हे काम आधी मुंबईत कुलाब्याला चालत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला आणलं. उपकरणांच्या इमारतींत चुंबकीय साहित्य टाळलं. ज्यांना फार मंद, फार खोल गोष्ट हवी होती त्यांनी आधी तिच्याभोवतीची जागा मोकळी केली.

तुमच्या प्रोजेक्टमधले ट्रॅक आता एकेक करून मनातल्या मनात बघा. धवलारणीचा, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या बाईचा, रेकॉर्ड केलेला आवाज: त्याच्या तळाला वाऱ्याची घरघर आहे, माइकला लागलेला धक्का आहे. १०० हर्ट्झच्या खाली तिच्या गळ्याचं काहीच नाही. तेवढं कापा. बेंजो, कीबोर्डचे पॅड, टाळ्या, सगळ्यांच्या तळाशी असाच गाळ साचलेला आहे. एकेकटा ऐकला तर कळत नाही, मिळून तो बेसची जागा खातो. १०० हर्ट्झच्या खाली राहावं फक्त किकने आणि बेसने, तेही मोनोमध्ये.

मग या दोघांकडे बघा. दोघांच्या लहरी एकाच क्षणी उलट चालल्या तर एकमेकींना पुसून टाकतात. दोन जड आवाजांचा मिळून एक हलका आवाज होतो. बेसचा फेज उलटा करून ऐका, ज्या बाजूला भार जास्त ती ठेवा. साइडचेन लावा, म्हणजे किक पडताक्षणी बेस दबेल आणि तिच्या मागून उठेल. अनेक कोळीगीतांना सहा मात्रांचा झोका असतो. किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवली तर मधल्या मात्रा बेसला मिळतात. त्या सगळ्या भरू नका. एक सोडून द्या. त्या रिकाम्या मात्रेत नाचणाऱ्याचा पाय उचलला जातो.

•

आता भाराकडेच बघूया. तबल्याचा डग्गा आठवा. त्याच्या पुडीवर शाईचा थर आहे, म्हणजे खरोखरचं वजन. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मृदंग-तबल्याचा अभ्यास करून १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं की या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. एरवी नगाऱ्यासारख्या वाद्याचे ते तसे येत नाहीत. वरचे स्वर जुळले की खालचा स्वर ठाम वाटतो.

हीच गोष्ट तुमच्या बेसला लागू आहे. ५५ हर्ट्झचा निव्वळ साइन स्वर मोबाइलच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. त्यावर थोडं सॅच्युरेशन चढवा. ११०, १६५, २२०, २७५ असे पटीतले स्वर उमटतात, मोबाइल त्यांतले वरचे वाजवतो, आणि ऐकणाऱ्याचा मेंदू त्यांमधलं ५५ चं अंतर ओळखून न वाजलेला खालचा स्वर स्वतः उभा करतो. भार असा वरूनही येतो. डग्ग्यावर मनगट दाबून स्वर सरकवणारा हात आठवा आणि ८०८ ड्रम-मशीनच्या लांब बेसला तशीच एखादी मींड देऊन बघा.

•

मांडव्याच्या जेट्टीवरून समोर मुंबई दिसते. तिथे १९८२ मध्ये वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३ हे बेस गिटारच्या जागी साथ करायला काढलेलं छोटं यंत्र. तेव्हा तो अल्बम चालला नाही. २०१० मध्ये नव्याने निघाला आणि जगभरचे लोक थक्क झाले. तो ऐका. वर राग फिरतो, खाली बेस जवळजवळ एका जागी चालत राहतो. खालच्याने फार बोलायचं नाही, ही शिस्त रागसंगीतात तानपुऱ्यापासूनच आहे. सिंग यांनी ती यंत्रावर सांभाळली.

•

सुरुवातीचा प्रश्न आता समोर घ्या. मोठा आवाज की भरलेला? मोठा आवाज अॅम्प्लिफायर देतो आणि तो ऑपरेटरच्या हातात असतो. रात्री दहानंतर कायदा तो बंद करायला लावतो, तेही योग्यच आहे. भरलेपण तुमच्या हातात आहे. ते तुम्ही काय कापलंत, कुणाला थांबवलंत, कुठली मात्रा सोडलीत, यातून येतं.

प्रोजेक्टकडे वळा. आज नवं काही जोडू नका. एक ट्रॅक म्यूट करा आणि ऐका. मग दुसरा. बेस जिथे स्वतःहून जड होईल तिथे थांबा. पुढे हे गाणं एखाद्या हळदीला वाजेल तेव्हा सबवूफरसमोर उभे राहू नका. म्हाताऱ्या बायका बसतात तिथे, मागे जा. तिथे धवल्याचे शब्द स्पष्ट पोचत असतील आणि त्या बायकांचे पायही हलत असतील, तर तुमचा बेस बरोबर बसला आहे.