झाली तर झाली

कोकणातून आलेली एसटी पनवेलच्या स्टँडमध्ये शिरते, तेव्हा दोन-चार खिडक्यांखाली वाळलेले ओघळ दिसतातच. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पुण्याचा रस्ता आणि गोव्याचा रस्ता इथूनच फुटतो. एकीकडे बोरघाट, दुसरीकडे कशेडी. घाट म्हटला की कुणाला तरी गाडी लागायचीच. खिडकीची जागा, हुंगायला लिंबू, आवळासुपारी आणि एक रिकामी पिशवी, ही तयारी घरोघरी ठाऊक असते.

याच गर्दीत एखादी बाई अशी असते, की तिला कित्येक वर्षांत उलटी झालेली नसते, तरी तिचं सगळं आयुष्य उलटीभोवती फिरत असतं. मानसोपचारात याला एमेटोफोबिया म्हणतात. बहुतेकदा तो लहानपणीच सुरू होतो. मग लग्नाच्या पंगती टळतात, प्रवास टळतो, तापानं फणफणलेल्या पोटच्या पोराला जवळ घेतानाही हात कचरतो. पहिल्या महिन्यांतल्या मळमळीच्या धास्तीनं मूलच नको म्हणणाऱ्याही असतात. घरचे याला ‘नाटकं’ म्हणतात, नाहीतर गोळी पुढे करतात. दोन्हींचा उपयोग नाही, कारण बिघाड पोटात नाहीच.

खरं तर उलटी ही शरीराची राखणदार आहे. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून तर उंदराचं औषध त्याच्यावर इतकं चालतं. आयुर्वेदानं पंचकर्मांत वमनाला पहिलं स्थान दिलं. ज्या पनवेलमध्ये १८७२ साली धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा राहिला, तिथल्या जुन्या माणसांना हे नव्यानं सांगायला नको. पण भीतीला ही माहिती पुरत नाही. भीती वाटली की पोटाचं काम मंदावतं, मळमळतं. मळमळलं की ‘आता होणार’ असं वाटतं आणि भीती आणखी वाढते. चक्र आपलं आपणच फिरत राहतं.

मला वाटतं, ही माणसं उलटीला जेवढी घाबरतात, त्याहून जास्त आपला ताबा सुटण्याला घाबरतात. चारचौघांत, कधीही, आपल्याला न विचारता शरीर काहीतरी करून बसेल, हे त्यांना सोसवत नाही. म्हणून त्यांना खात्री हवी असते. अन्न दहादा हुंगायचं, दाराजवळची जागा धरायची, पर्समध्ये गोळ्यांची पट्टी ठेवायची. प्रवास नीट पार पडला, की श्रेय त्या पट्टीला जातं. ‘गोळी नसती तरीही काही झालं नसतं’ हे कधी कळतच नाही.

म्हणून उपचार उलट्या दिशेनं जातो. आधी उलटी हा शब्द लिहायचा, मग चित्र, मग आवाज, मग चित्रफीत. पुढे कधी ताकात बिस्किटं कालवून ते बेसिनमध्ये ओतायचं आणि शेजारीच उभं राहायचं. खरी उलटी काढायला सहसा कुणी लावत नाही. तिच्या शक्यतेसोबत बसायची सवय लावतात. मराठी वाचकांच्या परिचयाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याच वाटेनं, वयाच्या १९व्या वर्षी, बागेतल्या बाकांवर बसलेल्या शंभरेक अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलायला गेले. बहुतेकींनी दाद दिली नाही, तरी नकाराची भीती गेली. जे घडू नये म्हणून ते धडपडत होते, ते घडलं आणि निभावलं.

उलटीच्या भीतीवरचा हा उपचार मात्र एकट्यानं, दामटून करायचा नाही. वजन उतरत असेल, जेवण तुटत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

पण घरच्यांनाही एक गोष्ट करता येईल. ‘काही होणार नाही गं’ हा धीर आपण प्रेमानं देतो आणि भीतीलाच खतपाणी घालतो. कारण तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय मग तिला घराबाहेर पडवत नाही. त्यापेक्षा ‘झाली तर झाली, धुऊन टाकू’ म्हणावं. यात आश्वासन कमी आहे, पण ते पाळता येण्याजोगं आहे. काहीच होणार नाही, याची हमी कुणी कुणाला देऊ शकत नाही; झालं तर सोबत असू, एवढी मात्र नक्की देता येते.