दुरुस्तीचा अधिकार

घरांतील मोडकी वस्तू आपल्या हातानें नीट करावी, यांत काटकसर आहे, स्वावलंबन आहे आणि एक निर्मळ आनंदहि आहे. खुर्चीचा डगमगता पाय बसविणाऱ्या गृहस्थास कोणी दोष देत नाहीं. पण तोच गृहस्थ कानस घेऊन तंबोऱ्याच्या घोडीकडे वळला, म्हणजे जाणत्यांच्या काळजांत धस्स होतें. वस्तू त्याची, श्रमहि त्याचेच. मग तिऱ्हाइतानें हरकत घ्यावी ती कशाच्या बळावर?

पैसे मोजले कीं स्वामित्व आलें आणि वाटेल तें करण्याची मुभा आली, हा बाजारचा न्याय झाला. परंतु वाद्य हें पुष्कळदां मालकापेक्षां दीर्घायुषी असतें. अखंड हरिनाम सप्ताहांत वीणा एका पहारेकऱ्याच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. ती खालीं टेकत नाहीं. ज्याच्या गळ्यांत ती असेल तो तिचा धनी नव्हे, त्या घटकेचा सांभाळकर्ता. घरच्या वाद्याशीं आपलें नातें याहून निराळें नाहीं. पहारा तेवढा लांबतो.

मग हौशी माणसानें वाद्यास हातच लावूं नये काय? तसें नाहीं. तंबोऱ्याची जवारी साधतांना तार व घोडी यांमध्यें सुताचा दोरा सरकवितात. तो चुकला तर पुन्हां हलवितां येतो. घोडीचा माथा मात्र एकदां घासला कीं गेलेली भुकटी परत येत नाहीं. मिरजेंत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. तेथें हें घासणें कान आणि हात यांनीं पिढ्यानुपिढ्या शिकलेलें आहे. गिटारीचीहि तीच कथा. तिच्या सहा पोलादी तारांची ओढ सुमारें ७० किलो भरते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत लाकूड सुकून आकसलें, कीं या ओढीनें एखादा सांधा उकलतो. तो जुन्या पद्धतीच्या सरसानें जोडल्यास ऊब व वाफ देऊन पुन्हां सोडवितां येतो; एपॉक्सीनें जोडल्यास तो सोडवितांना बहुधा लाकूडच दुखावतें.

ज्या औंढा नागनाथास नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला असें मानतात, तेथील देऊळ या बाबतींत पाहण्यासारखें आहे. खालीं यादवकालीन पाषाणाचें कोरीव काम. वर उत्तरकाळीं उभारलेला, अगदीं निराळ्या धाटणीचा भाग. त्याचें श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांस देते. वरचें बांधणाऱ्यानें खालच्याची नक्कल केली नाहीं, आणि आपल्या कामाशीं जुळावें म्हणून खालचें खरवडलेंहि नाहीं. सांधा उघड दिसतो, आणि पूजा चालू आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं न पुसली जाणारी चूक केल्यावांचून कोणी कारागीर होतच नाहीं. हें खरें आहे. परंतु तशी चूक करावयास टाकाऊ लांकूड आणि फुटका भोपळा आहेच. आजोबांचा तंबोरा त्यासाठीं नव्हे. हौशी माणसानें तारा बदलाव्या, खुंट्या खडू लावून घट्ट कराव्या, सरसानें सांधा जोडावा, आणि काय केलें तें कागदावर लिहून ठेवावें. त्यापुढचें काम आलें, कीं हात आवरावा. उद्यां तें वाद्य ज्याच्या हातीं जाईल, त्याला आपली चूक सुधारण्याची सोय राहिली पाहिजे. एवढी ठेवली, कीं दुरुस्तीचा अधिकार ज्याचा त्याला आहे.