आकाशपाळण्यातून जात दिसत नाही

वरसोलीची जत्रा. कार्तिक महिना. मी आणि माझा एक दोस्त आकाशपाळण्यात बसलो. वर गेलो तर पश्चिमेला समुद्र, त्यात कुलाबा किल्ला. उत्तरेला थळच्या खत कारखान्याची धुराडी. खाली नारळी आणि घरंच घरं. दोस्त म्हणाला, "बघ, सगळी छपरं सारखी. कुठाय तुझी जात?"

वर मला उत्तर सुचलं नाही. खाली उतरल्यावर सुचलं.

उंचावरून जे उंच आहे तेच नजरेत भरतं. किल्ला दिसतो, धुराडं दिसतं. पण 1933 साली चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, सहा वर्षं जमीन कसली नाही, ते चरी झाडीत हरवतं. 1937 साली बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल विधिमंडळात मांडलं, त्याचीही खूण वरून दिसत नाही. याच जिल्ह्यात महाडचं चवदार तळं. पाणी बिचारं जमिनीच्या पातळीतच राहतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यात उतरले, वाकले, ओंजळीनं पाणी प्याले. आपला इतिहास असा वाकून घडलाय.

मग दोस्त खोटं बोलला का? अर्धं. जात छपरात नाही, मातीत नाही, हे खरं. माणसानं ती घातली, म्हणून माणसाला काढता येते. एवढं पाळण्यानं शिकवलं, ते मी मानतो. पण दिसत नाही म्हणून ती नाही, असं होत नाही. लग्न जुळवताना विचारा, भाड्याची खोली मागताना विचारा, मसणवट्यात विचारा. "आता जात कुठं राहिलीय" म्हणणारे बहुतेक पाळण्यात बसूनच बोलतात.

दुसरी गोष्ट. जुनी माणसं सांगतात, जग चाकासारखं, आज खाली तो उद्या वर. गिरणीत रोज चाकं बघतो मी. कुणीतरी फिरवल्याशिवाय एक चाक फिरत नाही. पाळण्याचं इंजिन सांभाळणारा पोरगा रात्रभर खालीच होता. किती फेऱ्या झाल्या, त्याची पाळी आली नाही. म्हणून मित्रांनो, नशिबाच्या चाकावर भरवसा ठेवू नका. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मचक्र फिरलं, ते लाखो माणसं स्वतःच्या पायांनी तिथं आली म्हणून.

दोस्ताला म्हटलं, 20 मार्चला महाडला चल. तिकीट लागत नाही. वाकावं लागतं.