वल्ह्याला लावलेला कान

गेल्या एकादशीला कीर्तनात बुवा अनाहत नादावर बोलले. कशावर काही आपटलेलं नसताना उमटतो तो नाद. मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते, तरी मनात आलं, आमच्या धक्क्यावर आपटल्याशिवाय काहीच वाजत नाही.

न्हावा शेव्याचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं. इथल्या पहिल्या कंटेनर टर्मिनलचा धक्का 680 मीटर लांब. एकदा क्रेनच्या रुळाचं काम चाललं होतं. मी गंमत म्हणून रुळाला कान लावला. धक्क्याच्या चौथ्या हिश्श्याइतक्या अंतरावर मिस्त्रीने घण मारला. पोलादातून ‘टण्ण’ लगेच आलं, हवेतलं अर्ध्या सेकंदाने. घाव एक, आवाज दोन. यातला खरा कोणता? हवेत आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात दीड हजार, पोलादात पाच हजार. पोलाद जड म्हणून नव्हे, ताठ म्हणून. जडपणाने उलट तो रेंगाळतो.

नैयायिक म्हणत, शब्द हा आकाशाचा गुण. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त तेच लिहिलं. कान म्हणजे तरी काय, तर कानाच्या पोकळीत सापडलेलं आकाश! शब्द पसरतो कसा, यासाठी त्यांनी पाण्यावरच्या लाटांचा दृष्टांत दिला, नाहीतर चहूकडून एकदम फुलणाऱ्या कदंबाचा. पसरणं त्यांनी नेमकं ओळखलं, घर मात्र चुकलं असं मला वाटतं. 1660 च्या सुमारास रॉबर्ट बॉइलने काचेच्या भांड्यातली हवा उपसली, तसा आतला आवाज विझत गेला. रितं आकाश उरलं, ते मुकं. मीमांसकांच्या मते शब्द नित्यच, वायू त्याला फक्त प्रकट करतो. निदान वाहणाऱ्याचं नाव तरी त्यांनी घेतलं.

पण अनाहत म्हटलं की मला बापूस आठवतो. होडी थांबवून तो वल्हं पाण्यात उभं धरायचा नि दांड्याला कान लावायचा. मग माझी पाळी. “गप रव, आयक.” वर दर्या निपचित, आणि दांड्यातून मात्र कुरकुर, टुरटुर. खाली घोळ मासे बोलत असायचे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर, म्हणजे बोतावर, स्नायू थरथरवून घोळ आवाज काढतो. तो पाण्याच्या पृष्ठभागावर धडकून मागे फिरतो, हवेत शिरतो तो जेमतेम हजारावा हिस्सा. लाकडातून मात्र तो वर चढतो. जिनिव्हाच्या सरोवरात 1826 मध्ये कोलाडॉनने पाण्यात कर्णा बुडवून दूरच्या घंटेचा नाद टिपला, पाण्यातल्या आवाजाचा वेग मोजला. आमच्याकडे वल्हं होतं, आणि मोजायचं काही नव्हतं. जाळं टाकायचं होतं.

आरतीनंतर बुवांना गाठलं. “बुवा, अनाहत म्हणजे आघातच नाही, की आघात झालाय नि आपला कान पाण्याबाहेर आहे?”

बुवा हसले. म्हणाले, “तुझ्या वल्ह्याला आम्ही नाम म्हणतो.”

उत्तर देखणं आहे, मला पुरत नाही. बापसाच्या वल्ह्याच्या खाली खरोखर मासा असायचा, आणि नसला तर तो तसं सांगून होडी वळवायचा.

परवा पाळी संपल्यावर गावच्या जेट्टीवर गेलो. समोर घारापुरी, मधे बोटींची ये-जा. एक बांबू पाण्यात सोडून कान लावला. पंख्यांची घरघर, दुसरं काही नाही. म्हटलं, एक बोट जाऊ दे, मग ऐकू. ती गेली, मागून दुसरी आली.